गाव सुटलं की आडनाव लागतं
हिंगोली जिल्ह्यातल्या घरांनी आपलं मूळ कसं शोधावं

नरसीत राहणाऱ्या माणसाला नरसीकर म्हणायची गरज कुणाला पडत नाही. तिथे सगळेच नरसीचे. तोच माणूस बिऱ्हाड उचलून परभणीला किंवा पंढरपूरला गेला, की तिथले लोक विचारतात, ‘हे नवे कोण?’ आणि मग त्याला नाव पडतं नरसीकर. ‘कर’ लागलेलं आडनाव सुटलेल्या गावाचं असतं. आडनावाचा शोध घ्यायला निघताना एवढी गोष्ट मनात पक्की केली, तर पुढचे निम्मे गोंधळ टळतात.

आपल्याच जिल्ह्यातलं याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे संत नामदेवांचं घर. परंपरेनुसार हे घराणं हिंगोली तालुक्यातल्या नरसी बामणीचं. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा आणि आडनाव रेळेकर. घर नरसीचं, तरी आडनाव रेळेकर! या आडनावावर विश्वास ठेवायचा तर नरसीच्याही आधी एक गाव सुटलेलं असणार. पुढे हे घर पंढरपूरला गेलं आणि आज तिथे नामदेवांचे वंशज मानले जाणारे लोक नामदास हे आडनाव लावतात. नामदेव स्वतः पंजाबपर्यंत पोचले. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान त्यांच्यामुळे ओळखलं जातं, गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरलं. तिकडे कापड छापणारा आणि शिवणारा छींबा समाज नामदेवांना आपलं मानतो. नरसीचा धागा पंजाबात जुळतो तो आडनावाने जुळत नाही. धंद्याने आणि भक्तीने जुळतो. नुसतं ‘रेळेकर’ शोधत बसलेल्या माणसाच्या हाताला ना नामदास लागले असते, ना घुमान.

हे जगभर असंच आहे. जर्मन आडनावं पाहा. फ्रँकफुर्टर म्हणजे फ्रँकफुर्टकर, नुर्नबर्गर म्हणजे नुर्नबर्गकर. म्युलर हा पीठ दळणारा, श्मिट लोहार, श्नायडर शिंपी. जर्मन माणसाला सोय इतकीच की बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी चर्चच्या वह्यांत सोळाव्या शतकापासून सापडू लागतात आणि १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी सुरू झाली. अमेरिकेत स्थायिक झालेला श्नायडर आपल्या पणजोबाच्या गावचं चर्च शोधतो आणि वही उघडतो. आपल्याकडे अशी एक वही नाही. आपला कागद दहा ठिकाणी पांगलेला आहे, त्यातला बराच उर्दूत आणि मोडीत आहे, आणि बऱ्याच घरांचा इतिहास कागदावर कधी आलाच नाही. म्हणून आपली वाट वेगळी. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून सुरू होते.

माझा स्वतःचा शोध आत्यापाशी सुरू झाला. ‘आपलं आडनाव कुठून आलं?’ असं मी तिला विचारलं, तर तिला काहीच सांगता आलं नाही. प्रश्नच चुकला होता. मग विचारलं, ‘थोरल्याचं जावळ कुठं काढलं होतं?’ तर लगेच म्हणाली, ‘माहूरला.’ वाट कोणती, मुक्काम कुठे, बैलगाडीत कोण कोण होतं, सगळं ती सांगू लागली. माहूरला जाताना तिची आजी पैनगंगेपलीकडच्या एका लहान गावी थांबून तिथल्या मारुतीला तेल वाहायची. का वाहायची, ते आत्याला ठाऊक नव्हतं. त्या गावी आम्ही गेलो तेव्हा आमच्याच आडनावाची दोन घरं निघाली. आमच्याकडचं मयत कळलं की तिथले म्हातारे अजून सुतक धरत होते. तीन पिढ्यांत एकमेकांच्या लग्नाला कुणी गेलेलं नव्हतं, पण सुतक चालू होतं.

म्हणून प्रश्न असे विचारा. जावळ कुठे काढता? लग्नाची पहिली पत्रिका कोणत्या देवापुढे ठेवता? दहा दिवसांचं सुतक कोणाकोणाचं धरता आणि तीन दिवसांचं कोणाचं? लग्नात देवक कोणतं बसवता? गावच्या पोळ्यात, होळीत आपल्या घरचा मान कितवा? यातल्या सुतकाच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देतो. आडनाव बदलतं, देव बदललेला दिसतो, पण सुतक कुणी उगाच धरत नाही. देवकही तितकंच कामाचं. एकाच आडनावाच्या दोन घरांचं देवक वेगळं निघालं, तर ती एका मुळाची असण्याची शक्यता फार कमी.

आणि बायकांना विचारा. वंशावळीत पुरुषांची नावं असतात, पण स्थलांतराची आठवण बहुतेक घरांत बायकांनी जपलेली असते. सासरी आलेल्या मुलीला ही घरं, हे देव, हे मानपान मुद्दाम शिकून घ्यावे लागतात. मुलग्याला ते आयते असतात म्हणून तो विसरतो. जात्यावरच्या ओव्यांत माहेरची, मामाची, देवाच्या वाटेवरची गावं येतात. ओवी म्हणणारी म्हातारी घरात असेल तर तिचा आवाज मोबाइलवर आजच टिपून ठेवा. गावाचं नाव ऐकू आलं की तिथेच थांबवू नका. पूर्ण म्हणू द्या, मग विचारा.

आता आडनावाकडे वळू. इथे सर्वांत मोठी चूक होते ती अशी, की आडनाव एक म्हणजे भाऊकी एक असं आपण धरून चालतो. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, नाईक, चौधरी, इनामदार, काझी ही हुद्द्यांची नावं आहेत. ज्याच्याकडे वतन होतं त्याला ते नाव लागलं, मग तो कुठल्याही जातीचा असो. मराठवाड्यात मुसलमान देशमुख आहेत, मुसलमान पाटीलही आहेत. वतनदार घराला त्याआधीचं मूळ आडनाव बहुधा असतंच, आणि ते पूजेच्या संकल्पात, लग्नाच्या याद्यांत किंवा भाऊकीच्या तोंडी शिल्लक राहतं. पवार, जाधव, चव्हाण ही नावं मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, इतरही अनेक समाजांत आहेत. बंजारा घरांनी तर आडनावापाशी थांबूच नये. त्याखालचं गोत आणि पाडा विचारावा, आणि तांडा कोणत्या नाईकाच्या नावाचा ते विचारावं. तांडे मीठ-धान्याच्या बैलांसोबत मुलूखभर फिरले. एका जागी स्थिरावले ते बरेच नंतर. त्यांची परंपरा ढाडी आणि भाट यांच्या तोंडी आहे आणि ती ऐकून लिहून घेणं हेच काम आहे.

आडनावाचा शेवटही बोलतो. नांदेड, हिंगोली, परभणी या पट्ट्यात ‘वार’ने संपणारी व्यापारी घरांची आडनावं बरीच आहेत. हा ‘वार’ तेलुगूतला, ‘अमक्या घरचे लोक’ या अर्थाचा. ‘वाड’ने संपणाऱ्या पुष्कळ नावांचीही नाळ तेलुगूशीच आहे. अशा घरांनी गोदावरीच्या खालच्या अंगाला, तेलंगणाकडे पाहावं. माहेश्वरी घरांना आपली खाप ठाऊक असते, त्यामुळे राजस्थानातलं मूळ शोधणं त्यांना सोपं. त्यांच्या वंशावळी ठेवणारे ‘जागा’ लोक अजून आहेत. हिंगोली शहरात आणखी एक धागा आहे, तो छावणीचा. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचं ठाणं इथे होतं आणि १९०३ साली ती फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळली. तुमच्या घरात ‘आपण उत्तरेकडून पलटणीबरोबर आलो’ अशी आठवण असेल, तर ती उडवून लावू नका. जुनं पेन्शनबुक, पदक, तलवारीवर कोरलेला क्रमांक असं काही पेटीत आहे का ते पाहा.

काही वेळा आडनाव शाळेत जन्मतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावावरून ते आंबडवेकर झालं आणि शाळेच्या दप्तरात आंबेडकर. आपल्या जिल्ह्यात असंख्य घरांत पहिला मुलगा शाळेत गेला त्या दिवशी गुरुजींनी विचारलं, बापाने काहीतरी सांगितलं आणि तेच पुढे चाललं. दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी लागलेली घरं याच कारणाने सापडतात. म्हणून शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही हा पहिला कागद. आजोबा ज्या शाळेत होते तिथे जा. शाळा बंद झाली असेल, तर तिचं दप्तर कोणत्या शाळेत वर्ग केलं ते केंद्रप्रमुखांना विचारा.

त्यानंतर महसुली कागद. इथे हिंगोलीकरांना काही गोष्टी माहीत असायलाच हव्यात, नाहीतर हेलपाटे ठरलेले.

पहिली ही, की हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीचे जिल्हा पातळीवरचे कागद परभणीला असू शकतात. औंढा नागनाथ आणि सेनगाव हे तालुके अलीकडचे आहेत. त्यांतल्या गावांची जुनी नोंद शोधताना गाव पूर्वी कोणत्या तालुक्यात होतं ते आधी ठरवा. गावाचं नावही नीट पाहा. खुर्द की बुद्रुक, तेवढ्या एका शब्दाने तुम्ही दुसऱ्याच भाऊकीच्या घरात शिराल. आडनावातलं गाव नकाशावर सापडत नसेल, तर जुन्या कागदांत ‘बेचिराख’ असा शेरा असलेली गावं पाहा. वस्ती उठून गेलेल्या अशा गावांची शिवारं आजही शेजारच्या गावात मोजली जातात.

दुसरी गोष्ट, निजामी कागदात आडनाव बऱ्याचदा नसतंच. ‘सखाराम वल्द गणोजी’ अशी नोंद असते, म्हणजे गणोजीचा मुलगा सखाराम. पुढे जात किंवा धंदा. त्यामुळे आडनाव डोक्यात ठेवून पानं उलटलीत, तर पणजोबा समोर येऊन निघून जातील आणि तुम्हाला कळणार नाही. जाण्याआधी बापाचं, आजाचं, पणज्याचं नाव आणि त्यांच्या भावांची नावं लिहून न्या. जमिनीचा सर्व्हे नंबर मिळाला तर फारच उत्तम, कारण नाव बदलेल पण शेत हलत नाही.

तिसरी गोष्ट लिपीची. उर्दूत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही. काळे तिथे ‘काले’ होतो, चव्हाण ‘चव्हान’ किंवा ‘चौहान’ होतो. घाईच्या हातात नुक्ते सुटले की ब, प, त यांतला फरक संदर्भावरूनच कळतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. कागद वाचून घेताना वाचणाऱ्याला गावाचं नाव आधी सांगा, पण नातलगाचं अपेक्षित नाव सांगू नका. आपण सांगितलेलंच नाव समोरच्याला दिसू लागतं, हा माझा अनुभव आहे. आधी त्याला काय दिसतं ते लिहून घ्या आणि मग ताडून पाहा.

चौथी गोष्ट फसली सन. हैदराबाद राज्याच्या शेवटच्या काळात हे वर्ष ६ ऑक्टोबरला सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेसाठी फसली सनात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढच्या तारखेसाठी ५९१. म्हणजे फसली १३५७ हे ऑक्टोबर १९४७ ला सुरू झालं, आणि १७ सप्टेंबर १९४८ हा मुक्तीचा दिवस त्याच वर्षात येतो. एका वर्षाची चूक क्षुल्लक वाटते, पण बाप आणि मुलगा कोण हे ठरवताना ती महागात पडते.

मागायचे कागद हे: खासरा पाहणी पत्रक, विशेषतः १९५४-५५ चं, जे मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या जमिनीच्या प्रकरणात पुढे येतं, सेतवार, जुने सातबारे आणि फेरफार, गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात आणि ज्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, १९५१ च्या जनगणनेवेळची नागरिक नोंदवही. यांतले काही तहसीलच्या अभिलेख कक्षात, काही भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. फेरफाराचा उतारा मला सर्वांत जास्त आवडतो. मयताचं नाव, वारस, त्यांचं नातं आणि कधी कधी ‘हल्ली मुक्काम’ हे सगळं चार ओळींत असतं. कोण कुठे निघून गेलं, ते तिथे कळतं. नकलेचा अर्ज तोंडी देऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करता येतो आणि त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला स्वतःला एका कार्यालयात ‘रेकॉर्ड जळालं’ असं सांगितलं गेलं होतं. लेखी विचारल्यावर तीच वही निघाली.

गाव जहागिरीचं असेल तर १९४९ साली जहागिरी रद्द होईपर्यंतचं दप्तर वेगळ्या हातात होतं हे लक्षात ठेवा. इनाम जमिनीसाठी मुंतखब हा कागद विचारा. दर्गे, मशिदी, देवस्थानं यांची सेवा करणाऱ्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यात सापडतात. मुसलमान घरांनी काझींच्या दप्तरातले निकाहनामेही पाहावेत. गाव धरणात गेलं असेल, म्हणजे पूर्णेवरचं येलदरी किंवा सिद्धेश्वर, पैनगंगेवरचं इसापूर, तर भूसंपादनाचे निवाडे शोधा. पाण्याखाली गेलेल्या शिवाराचे खातेदार त्यात एका जागी असतात. त्यापलीकडे जायचं असेल तर राज्य पुराभिलेख विभागाचं छत्रपती संभाजीनगरचं कार्यालय आणि हैदराबादला तारनाक्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे फारसी-उर्दू जाणणाऱ्याला सोबत नेल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही.

पैनगंगेचं वेगळं सांगायला हवं. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि नदीच्या दोन काठांवर दोन राज्यांचे कारभार सुरू झाले. सोयरिकी मात्र थांबल्या नाहीत. कर्ज, दुष्काळ, पाटलाशी भांडण, आणि पुढे १९४७-४८ चा रझाकारांचा काळ, अशा प्रत्येक वेळी माणसं पलीकडे गेली; काही परतली, काही उमरखेड, पुसद, वाशीमकडेच राहिली. म्हणून इकडचा धागा अचानक तुटला तर घर संपलं असं समजू नका. तिकडे पाहा. तिकडे तुमच्या लोकांना वेगळं नाव पडलेलं असेल, कदाचित तुमच्याच गावावरून.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा आणखी एक मोठा ठेवा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथे तुमच्या घरचं कोणी कधी गेलं असेल, तर त्याने आपलं, बापाचं, आजाचं, भावांचं नाव सांगून नोंद केलेली असते. तिथे ‘हिंगोली जिल्हा’ सांगून उपयोग नाही. परभणी जिल्हा सांगा, जुना तालुका सांगा आणि ‘मोगलाईतलं गाव’ म्हणा. निजामाच्या मुलखाला हाच शब्द होता. मिळालेल्या पानाचा फोटो परवानगी घेऊनच काढा आणि आपल्या पिढीची नोंद करून या. ती पुढच्यांना लागणार आहे.

अलीकडे हा सगळा शोध जातीच्या दाखल्याशी जोडला गेला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी धुंडाळायला सुरुवात केली, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटिअरबाबतचा शासन निर्णय निघाला आणि घराघरांत जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. कागद वाचला जातोय याचा मला आनंद आहे. पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा महत्त्वाच्या असतात, त्यामुळे त्याआधीचा प्रत्येक कागद जपा. पण एक कळकळीने सांगतो. नाव जुळतंय म्हणून दुसऱ्याच्या पणजोबाला आपल्या वंशावळीत बसवू नका. दाखल्याच्या पलीकडे ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या खरेपणाची आहे, आणि खोटी फांदी एकदा जोडली की तुमची नातवंडं ती खरी समजून पुढे नेतील.

लिहून ठेवताना प्रत्येक नावापुढे ते कुणी सांगितलं किंवा कोणत्या कागदात दिसलं ते लिहा. ऐकीव आणि लेखी यांना दोन रंगांची शाई वापरा. सुनांची माहेरं आणि मुलींची सासरं सोडू नका. निम्मी वाट तिथूनच सापडते. कोकणातल्या बेने इस्रायल घरांनी पेणकर, नागावकर, रोहेकर ही आडनावं इस्रायलपर्यंत नेली, पण नाव नेणं आणि गावाची आठवण नेणं यात फरक आहे. तुमचा मुलगा पुण्यात किंवा परदेशात असेल तर आडनाव त्याच्या पासपोर्टवर आहेच. गाव, शिवार, देव आणि सुतकाची घरं त्याला तुम्हालाच लिहून द्यावी लागतील.

येत्या पोळ्याला किंवा दिवाळीला गावी जाल तेव्हा एक शंभर पानी वही सोबत न्या. पहिल्या दिवशी तहसीलला जाऊ नका. घरातली सर्वांत वयस्कर बाई जिथे बसते तिथे जाऊन बसा आणि तिला विचारा, थोरल्याचं जावळ कुठं काढलं होतं.